पर्सनॅलिटी टेस्टचं पॅकेज घेतलं होतं, पाचपैकी दोन स्टार (आणि ते दोन का, तेही सांगते)

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी सायकॉलॉजिस्ट नाही, वकील तर मुळीच नाही. इंदूरला सांवेर रोडवर औषधांचं पॅकेजिंग छापणारी एक फॅक्टरी आहे, तिथे मी एचआर बघते. कार्टन, लेबलं, गोळ्यांच्या पट्टीमागचं फॉइल, हे सगळं आमच्याकडे छापतं. माणसं 140 च्या आसपास आणि एचआर म्हणजे मी एकटी, त्यामुळे हजेरी, पीएफ, कॅन्टीनच्या पोह्यात शेव का नाही, इथपासून दिवाळीच्या डब्यांपर्यंत सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडतं.

मागच्या वर्षी स्टोअरला आणि क्वालिटीला माणसं टिकतच नव्हती. तेव्हा सेठजींच्या मेव्हण्यांनी कुठेतरी ऐकून आलेलं डोक्यात घातलं की हल्ली मोठ्या कंपन्या आधी ऑनलाइन टेस्ट घेतात, माणसाचा स्वभाव आधीच कळतो, मग चुकीचा माणूस येतच नाही. झालं. तीन कंपन्यांचे डेमो पाहिले, तिघांचा माल साधारण सारखाच होता, त्यातल्या एकाचं पॅकेज घेतलं, 100 टेस्ट, 32 हजार अधिक जीएसटी, एक वर्षाची व्हॅलिडिटी. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मेलामेली अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते ह्या एका दुकानापुरतं नाहीये.

डेमो विजयनगरच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये झाला. कॉफी मस्त होती. टायवाला मुलगा आला आणि पहिल्याच स्लाइडवर चार-चार इंग्रजी अक्षरांचे सोळा स्वभाव. सेठजींनी तिथल्या तिथे पंधरा प्रश्नांची मिनी टेस्ट दिली, 'जन्मजात नेतृत्व' असं काहीतरी निघालं, माणूस तिथेच विकला गेला. परत येताना गाडीत मी म्हटलंसुद्धा की सेठजी, माझं पण नेतृत्वच निघालं, ड्रायव्हर भैयांनी दिली असती तर त्यांचंही निघालं असतं. हसले, पण चेक दुसऱ्या दिवशी गेला. नंतर मी वाचलं की ही चार अक्षरंवाली जी टेस्ट आहे, मायर्स-ब्रिग्ज, ती एका आई-लेकीच्या जोडीनं बनवलेली आणि दोघींपैकी एकीनेही सायकॉलॉजीचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, ते एक वेळ सोडा, पण आज जे लोक ती अधिकृतपणे चालवतात तेच सांगतात की नोकरीला कोणाला घ्यायचं हे ठरवायला ही वापरू नका. म्हणजे दुकानदार स्वतः म्हणतोय ही सुरी भाजी कापायची नाही, आणि आपल्याला ती भाजीवाल्याकडेच मिळतेय.

आता माल काय मिळतो ते. उमेदवाराच्या फोनवर लिंक जाते, किंवा ऑफिसात बसवून कॉम्प्युटरवर देता येते. तीन भाग आहेत. पहिला चेकिंगचा, दुसरा साध्या हिशोबाचा, तिसरा स्वभावाचा. भाषा हिंदी आणि इंग्रजी. शेवटी अकरा पानांची पीडीएफ येते आणि वर एक मोठा गोल, हिरवा, पिवळा किंवा लाल. सेठजी फक्त गोल बघतात. खरं सांगू, सुरुवातीला मी पण तेच करत होते, एका जागेला साठ अर्ज असतात, अकरा पानं कोण वाचणार.

पहिला भाग उत्तम आहे हे प्रामाणिकपणे लिहिते, एक स्टार त्याचा. 50 जोड्या असतात, डावीकडे एक बॅच नंबर उजवीकडे दुसरा, सारखे आहेत की वेगळे एवढंच सांगायचं, दहा मिनिटं. बी की आठ, शून्य की ओ, एक की आय, अशी सगळी फसवाफसवी. आमच्या कामात हेच लागतं हो. फॉइलवर एक अक्षर चुकीचं छापलं आणि ते औषध कंपनीच्या गेटवर पकडलं गेलं तर अख्खा लॉट परत येतो, ट्रान्सपोर्टसकट आपल्या डोक्यावर. हा भाग मी जुन्या लोकांनाही देऊन बघितला, आमच्या क्वालिटीच्या सगळ्यात भरवशाच्या बाईंना 47 मार्क आले आणि ज्यांच्यावर मला आधीपासून शंका होती त्यांना 31. म्हणजे टेस्ट कामाची माहिती देते. एवढंच विकलं असतं तर मी चार स्टार दिले असते.

घोटाळा तिसऱ्या भागात आहे. 120 वाक्यं, वीस मिनिटं, प्रत्येकाला पाच पर्याय, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, आणि कोपऱ्यात लाल टायमर उलटा पळत असतो.

मे महिन्यात स्टोअर असिस्टंटची जागा निघाली. आमच्या राजेंद्रनगरातल्याच एक वहिनी आहेत, गणपतीत आम्ही दोघी दरवर्षी प्रसादाच्या टेबलावर असतो, त्यांचा मुलगा चोवीस वर्षांचा, बीकॉम झालेला, ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आहे. वहिनींनी काही लपवलं नाही. अर्जाबरोबर कार्डाची कॉपी जोडली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, त्याला काम जमेल गं, पण ते गोल गोल प्रश्न असले की अडकतो, जरा जास्त वेळ मिळेल का? नाहीतर कोणी समजावून सांगेल का?" मी म्हटलं बघते. मग सपोर्टला फोन केला, त्यांनी सांगितलं सिस्टममध्ये टायमर फिक्स आहे, सगळ्यांना सारखाच. आणि मी फोन ठेवला. इथे माझी चूक आहे, ती मी कंपनीवर ढकलणार नाही. मला वाटलं सगळ्यांना सारखं म्हणजे बरोबरच की.

तो माझ्याच केबिनमध्ये बसला. चेकिंगचा भाग सहा मिनिटांत संपवला, 50 पैकी 49. एक चुकलं त्यावर पण त्याचं म्हणणं होतं की स्क्रीनवर फॉन्ट वेगळा आहे म्हणून वेगळं लिहिलं, आणि मी डोळे फाडून बघितलं तर खरंच होता.

मग तिसरा भाग. पहिलं वाक्य, मला नवीन लोकांना भेटायला आवडतं.

"काकू, कोणत्या लोकांना?"

"अरे असंच, कोणालाही."

"कोणीही म्हणजे चोर पण?"

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. पुढचं, काम पूर्ण होत असेल तर कधी कधी नियम वाकवावा लागतो. "कोणता नियम, लाल सिग्नलचा की जेवणाच्या सुट्टीचा?" पुढचं, मी बरेचदा अस्वस्थ असतो. ह्याच्यावर तर तो दोन मिनिटं थांबला, बरेचदा म्हणजे आठवड्यातून किती वेळा, तीन की पाच, आणि मला उत्तर देता येईना कारण मलाच माहीत नव्हतं. तुम्ही सांगा ना, बरेचदा म्हणजे किती? आपण बाकीचे लोक अंदाजे टिक करून पुढे जातो, त्याला अंदाजे जमत नाही, आणि स्टोअरमध्ये मला अंदाजेवाला माणूस नकोच होता खरं तर!

71 वर टायमर संपला. उरलेली 49 वाक्यं सिस्टमने शून्य धरली. लाल गोल. भावनिक स्थैर्य कमी, टीममध्ये बसणं कमी, रिस्क उच्च, शिफारस पुढे नेऊ नये. चौथ्या पानावर बारीक अक्षरात चेकिंग 98 टक्के लिहिलेलं होतं, पण स्वभावाच्या भागाला साठ टक्के वजन. आणि त्याहून वाईट म्हणजे लाल आला की नकाराचा मेल आपोआप जातो, हे सेटिंग मला कोणी सांगितलं नव्हतं. वहिनींचा फोन आला तेव्हा ते दोघं अजून सिटी बसमध्येच होते.

"झालं का गं एवढ्यात?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाताना मुद्दाम मागच्या गल्लीतून गेले.

रात्री झोप येईना म्हणून एक क्रेडिट, म्हणजे पॅकेजमधली एक टेस्ट, खर्च करून मीच टेस्ट दिली, अगदी खरी खरी उत्तरं देऊन. आता हे लिहायला थोडं अवघड जातंय, पण बाबा गेल्यानंतर मला डिप्रेशन आलं होतं, दोन वर्षं गोळ्या घेतल्या, अजूनही दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाते. आणि टेस्टमध्ये बघते तर काय, माझा मूड कारण नसताना बदलतो, मला रात्री सलग झोप लागत नाही, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही, कधी कधी सगळंच निरर्थक वाटतं. अहो हा स्वभाव आहे का? हे तर माझे डॉक्टर विचारतात, जवळपास ह्याच शब्दांत! फरक एवढाच की ते दार बंद करून विचारतात, उत्तर त्यांच्या फाइलमध्ये राहतं आणि शेवटी गोळी बदलायची का एवढंच ठरतं. इथे त्याच उत्तरांवर माझी नोकरी ठरणार. मला पिवळा आला, लालच्या अगदी उंबऱ्यावर. बारा वर्षं ही फॅक्टरी सांभाळणारी बाई तिच्याच फॅक्टरीत 'सावधगिरीने विचार करावा'.

मग दुसऱ्या नावाने परत दिली, ह्या वेळी माझा एक मावसभाऊ आहे, गाड्या विकतो, देवालाही एक्स्टेंडेड वॉरंटी विकेल, तो काय उत्तर देईल असा विचार करून टिक केलं. हिरवा, 91 टक्के. खरी मी पिवळी, खोटी मी हिरवी.

तिथून मग मी वाचायला लागले आणि जे सापडलं त्यात माझ्यासारखी मी एकटी नाही असं दिसलं. अमेरिकेत एका मुलाला बायपोलर हा मानसिक आजार होता, शिक्षण मध्येच थांबलेलं, किराणा सुपरमार्केटमध्ये साध्या कामाला अर्ज केला आणि पर्सनॅलिटी टेस्टमध्ये लाल. त्याचे वडील वकील, त्यांनी विचारलं काय काय विचारलं होतं, तर मुलगा म्हणाला हॉस्पिटलमध्ये जी टेस्ट दिली होती तसलीच होती. वडिलांनी एकूण सात कंपन्यांविरुद्ध तक्रारी केल्या. दुसरी केस त्याच्या आधीची, 2005 ची, टीव्ही-सोफे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत तिघं भाऊ कामाला, प्रमोशनसाठी टेस्ट द्यायला लावली आणि त्यात एमएमपीआयचे 502 प्रश्न. एमएमपीआय म्हणजे मिनेसोटा युनिव्हर्सिटीत तयार झालेली, 1943 साली छापलेली, मानसिक आजार ओळखायला वापरतात ती टेस्ट. इतरांना दिसत नाहीत अशी माणसं, प्राणी तुम्हाला दिसतात का, असले प्रश्न. कंपनी म्हणाली आम्ही आजारासाठी नाही, फक्त स्वभाव बघायला वापरली. शिकागोच्या अपील कोर्टाने सांगितलं की तुम्ही कशासाठी वापरली ते बाजूला ठेवा, ही मेडिकल तपासणीच आहे, आणि मानसिक आजार असलेल्याची संधी हिनं जाणारच. त्यांच्याकडे 1990 चा अपंगत्वाचा कायदा आहे, त्यात नोकरी देऊ करण्याआधी मेडिकल तपासणी करायचीच नाही असं स्पष्ट आहे. म्हणून तिथे सगळा वाद ह्यावरच होतो की टेस्ट स्वभावाची की आजाराची.

आणि मुळात हे दोन्ही एकातूनच निघालंय. पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेला धास्ती होती की बॉम्बच्या आवाजानं कोण कोसळेल ते आधी कळायला हवं, म्हणून वुडवर्थ नावाच्या सायकॉलॉजिस्टने हो-नाहीची प्रश्नावली बनवली. ती तयार होईस्तो लढाई संपत आली, पण पुढच्या सगळ्या प्रश्नावल्यांची आजी तीच. म्हणजे नातीचा चेहरा आजीवर गेला तर नवल काय.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती इंग्लंडची केस, कारण ती हुबेहूब माझ्या केबिनमधली वाटली. सरकारी वकील खात्याच्या भरतीत एका अ‍ॅस्पर्जर (हा ऑटिझमचाच एक प्रकार) असलेल्या उमेदवार बाईंनी विचारलं होतं की तुमची पहिली फेरी अमुक प्रसंगात काय कराल टाइपची पर्यायवाली आहे, मला पर्यायांऐवजी थोडक्यात लिहून उत्तर देऊ द्याल का. खातं म्हणालं नाही, सगळ्यांना एकच फॉरमॅट. पास व्हायला 14 हवे होते, त्यांना 12 मिळाले. 2017 मध्ये अपील ट्रायब्युनलने सांगितलं की हा भेदभाव झाला, तुम्हाला निर्णयक्षमता तपासायची होती हे मान्य, पण ती दुसऱ्या रीतीनेही तपासता आली असती. भरपाई फक्त 860 पौंड, पण माफी मागावी आणि पद्धत तपासून बघावी असंही सांगितलं. सगळ्यांना एकच फॉरमॅट. मी पण फोन ठेवताना हेच म्हटलं होतं ना.

आता आपल्याकडचं. माझे मोठे दीर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात प्रॅक्टिस करतात, त्यांना रविवारी जेवायला बोलावलं आणि आमटी वाढता वाढता सगळं विचारून घेतलं (भाऊजी, फी आमटीत वळती करा). त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत. दिव्यांगांचा आधीचा कायदा 1995 चा, त्यात फक्त 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यात 21 झाले, त्यात ऑटिझम आला, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी आल्या, मानसिक आजार आधीपासून होताच. आणि ह्या कायद्यात भेदभावाच्या व्याख्येतच लिहिलंय की वाजवी सोय नाकारणं हा पण भेदभाव. मी विचारलं म्हणजे टायमर? म्हणाले, टायमर, शांत खोली, प्रश्न समजावून सांगणं, लेखनिक, जे कंपनीला झेपण्यासारखं आहे ते सगळं. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टात यूपीएससीच्या एका उमेदवाराची केस झाली, त्याचा हात लिहिताना आखडतो, लेखनिक हवा होता, त्याचं अपंगत्व 40 टक्क्यांच्या रेषेत बसत नाही म्हणून नाकारलं होतं. कोर्टाने सांगितलं ती रेषा आरक्षणासाठी आहे, सोयीसाठी ती लावू नका. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या केसमध्ये मानसिक आजारालाही हेच सगळं लागू होतं असं आलं.

आणि आपल्या मध्यप्रदेशचीच एक. इथल्या न्यायाधीश भरतीच्या नियमात अंध उमेदवारांना बसूच द्यायचं नाही असं कलम होतं, 6-ए. एका आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सुप्रीम कोर्टाने त्या पत्राचीच याचिका केली आणि मार्च 2025 मध्ये ते कलम उडवलं. भाऊजी म्हणाले बघ, एका आईचं पत्र. मी मान खाली घालून भात कालवत होते, कारण एका आईने मला पण विचारलं होतं आणि मी बघते म्हणाले होते.

आता खासगी कंपनीला हे कुठवर लागू, ह्यावर भाऊजी जरा सावध होते. नोकरीत भेदभाव नको असं सांगणारं कलम 20 सरकारी आस्थापनांबद्दल आहे, 4 टक्के आरक्षण पण सरकारीच. आणि अमेरिकेसारखं नोकरी देण्याआधी मेडिकल प्रश्न नकोत असं सरळ वाक्य आपल्या कायद्यात नाही. पण कलम 3 मध्ये अपंगत्वावरून भेदभाव नको हे आहे आणि त्यात खासगी-सरकारी असा फरक लिहिलेला नाही, आणि कलम 21 प्रमाणे समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेनं करायचं, वीस किंवा जास्त माणसं असतील तर खासगी कंपनीच्या धोरणातही निवड कशी करणार, कोणती पदं, कोणत्या सोयी, संपर्क अधिकारी कोण, हे सगळं हवं. "तुमच्याकडे आहे का?" आमच्याकडे 140 माणसं आणि धोरण शून्य. दंड पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत, नंतर 50 हजार ते 5 लाख. सेठजींना मी बाकीचं काही सांगितलं नाही, हा शेवटचा आकडाच सांगितला. लगेच खुर्ची पुढे घेऊन बसले.

मग मी विकणाऱ्या कंपनीला गाठलं. टायवाला मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, वो तो एआय डिसाइड करता है." मी म्हटलं भैया, एआय का पीएफ कौन भरता है, निर्णय कोणाचा ते सांगा. तेव्हा त्याने अ‍ॅग्रीमेंटचं कलम 14 काढलं, भरतीचा अंतिम निर्णय आणि त्याची कायदेशीर जबाबदारी पूर्णपणे ग्राहकाची. म्हणजे डेमोमध्ये मशीन ठरवतं आणि कोर्टात आम्ही ठरवतो. बाकी खरेदी करणाऱ्यांनी एवढं एक कलम तरी सही करायच्या आधी वाचा, मी वाचलं नव्हतं. हे प्रश्न कोणी बनवले, कोणत्या लोकांवर तपासले, स्टोअरच्या कामाशी ह्याचा संबंध कोणी दाखवला, ह्या तिन्हीला उत्तर एकच आलं, 'आमच्या तज्ज्ञांनी'. उमेदवारांची उत्तरं किती दिवस ठेवता, ह्याला तर अजून उत्तर नाही, माझी झोपेबद्दलची उत्तरं पण तिथेच कुठेतरी पडली आहेत.

दुसरा स्टार सपोर्टच्या एका मुलीला. तिने तिसऱ्या फोनला हळूच सांगितलं की दीदी, वजन शून्य करता येतं, सेटिंगमध्ये आत आहे, आणि आपोआप जाणारा मेलही बंद होतो, पण आम्हाला ते सांगायला मना केलंय. तिचं नाव अर्थातच लिहीत नाही.

तिसरा भाग बंद केला. वहिनींच्या घरी स्वतः गेले, माफी मागितली, त्यांनी चहा केला आणि फार काही बोलल्या नाहीत, ते जास्त टोचलं. मुलाला तीन दिवसांच्या ट्रायलला बोलावलं, पगारी. दुसऱ्या दिवशी फॉइलच्या एका रोलपाशी उभा राहून तो सुपरवायझरला म्हणाला, हा आठ नाही, बी आहे. छपाईच्या ब्लॉकची कड झिजून बी-चा आठ दिसत होता, दोन शिफ्टच्या नजरेतून सुटला होता. आता चार महिने झाले, कामावर आहे. सोय म्हणून काय करावं लागलं तर कॅन्टीनचा गोंगाट सहन होत नाही म्हणून जेवायला साडेबाराला, बेल व्हायच्या आधी, आणि तोंडी सूचनांऐवजी कामाची यादी कागदावर. खर्च, एक क्लिपबोर्ड. सगळं गोड गोड आहे असं नाही, सुपरवायझरला चारचौघांत "तुमचं चुकलंय" असं तोंडावर सांगतो आणि सुपरवायझर माझ्याकडे येऊन फुगतो, महिन्यातून दोनदा तरी. पण चूक खरंच असते ही त्याची पंचाईत.

हिरव्यांचं काय झालं ते पण लिहायला हवं ना रिव्ह्यूमध्ये. नऊ हिरवे घेतले, चार तीन महिन्यांच्या आत गेले, त्यातला एक पहिल्या पगारानंतर दिसलाच नाही, हेल्मेट अजून लॉकरमध्ये आहे. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, माणसं टिकावीत म्हणून, ते काही झालं नाही. माणसं टिकली ती रात्रीच्या शिफ्टला पिथमपूरकडच्या लोकांसाठी गाडी सुरू केली तेव्हापासून.

तुमच्याकडे असलं पॅकेज घ्यायचं चाललं असेल तर डेमोमध्ये स्वभावाची वाक्यं सगळी मागून घ्या, आणि एकेक वाचताना विचारा की हे मी समोर बसलेल्या माणसाला तोंडाने विचारीन का. तुला झोप लागते का रे रात्री? नाही ना विचारणार? मग स्क्रीनवरून पण नको. अर्जातच एक ओळ टाका, टेस्ट देताना काही सोय हवी असेल तर सांगा, आणि कोणी सांगितलं तर माझ्यासारखं 'बघते' म्हणून फोन ठेवू नका. आमचं धोरण आता नोटीसबोर्डावर लागलंय, हिंदीत, भाऊजींनी तपासलेलं, आणि राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे नोंदवायलाही पाठवलंय. संपर्क अधिकारी म्हणून अर्थात मीच, वेगळा भत्ता नाही.

क्रेडिट 38 शिल्लक आहेत, मार्चमध्ये लॅप्स होतील, रिफंड नाही म्हणाले. फक्त चेकिंगचा भाग वापरून संपवते आहे. काल टायवाल्याचा रिन्यूअलसाठी फोन आला होता, ह्या वेळी म्हणे 'भावनिक विश्लेषण' कॅमेऱ्यातून, चेहरा बघून. मी म्हटलं आधी कलम 14 पाठवा.